गुलाबाचे तेल आणि उंदराचे भय

इंदूरच्या लालबागेनजीक राहणाऱ्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे की, गुलाबाच्या अत्तराने मनाची धास्ती कमी होते हे उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले, असे जे सर्रास सांगितले जाते, त्यात तथ्य किती?

तथ्य आहे; पण ते जाहिरातींत येते तसे नव्हे. तहानलेल्या उंदराला पाण्याच्या नळीतून मधूनमधून विजेचा सौम्य झटका बसेल अशी योजना केली, तर तो पाण्यापासून दूर राहतो, आणि भय शमविणारे औषध दिलेला उंदीर मात्र पीत राहतो. अशा कसोटीवर जपानच्या तोयोशी उमेझू यांनी १९९९ मध्ये गुलाबाचे व लॅव्हेंडरचे तेल उतरवून दाखविले खरे. परंतु ते तेल उंदराने हुंगलेले नव्हते, सुईने त्याच्या पोटात टोचलेले होते! एवढा तपशील गाळला की भलताच दाखला सुगंधाच्या नावावर खपतो.

शिवाय ‘गुलाबतेल’ म्हणजे नेमके काय? लालबागेचा राजवाडा उभा राहत होता त्या काळात होळकरांच्या निमाडात आणि शेजारच्या खानदेशात रोशा गवत फुलोऱ्यावर येताच कापून, भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत, आणि मुंबई बंदरातून रवाना झालेले ते तेल तुर्कस्तानच्या गुलाबी अत्तरात बेमालूम मिसळून जाई, कारण जिरॅनिऑल हे गंधद्रव्य दोहोंत आहे. (टिपूवरील मोहिमेत गुरे हे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास लागतो, हे पाहून क्लॉड मार्टिन या सेनानीने त्याचे बी लखनौला नेले; त्याचे नाव या गवताच्या शास्त्रीय नावात अद्याप टिकून आहे, ही मला फार रम्य गोष्ट वाटते.) तेलात अशी भेसळ होई, म्हणूनच उमेझू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २००२ मध्ये गुलाबतेलातील दहा घटक निरनिराळे तपासले, याचे मोल मी अधिक मानतो; कसोटीला उतरले ते दोनच, फेनेथिल अल्कोहोल आणि सिट्रोनेलॉल.

हुंगण्याचा प्रश्न उरतोच. २००४ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी गुलाबतेल हुंगविलेले उंदीर अधांतरी उभारलेल्या चौफुलीवर सोडले, तेव्हा ते तिच्या भिंती नसलेल्या उघड्या फाट्यांवर अधिक धीटपणे फिरले. तथापि गंध नाकावाटे काम करतो की फुप्फुसांतून रक्तात उतरून, याची खरी तहकीकात २०१८ मध्ये कागोशिमा विद्यापीठात हिदेकी काशिवादानी प्रभृतींनी लॅव्हेंडरमधील लिनालूल घेऊन केली: ज्या उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली होती, त्यांच्या भयावर त्या वाफेचा काहीच परिणाम झाला नाही, आणि वास येणाऱ्या उंदरांनाही फ्लुमाझेनिल, म्हणजे झोपेच्या व चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा प्रभाव उतरविणारे औषध, दिले असता लिनालूलचा गुण नाहीसा झाला. तेव्हा भगिनींनी रुमालावर अत्तराचा थेंब खुशाल घ्यावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र त्या भरवशावर बंद करू नये.