हायड्रोक्विनोन बनवायचंय? आधी बाजूला काय निघतं ते बघा

व्हिडिओत आकडेमोड राहून गेली, ती इथे देतो. हायड्रोक्विनोन म्हणजे पांढरी पावडर. ॲक्रिलिकचा कच्चा माल टाकीतच घट्ट होऊ नये म्हणून ती घालतात. खाद्यतेल खवट होऊ न देणारं टीबीएचक्यू हिच्यापासूनच बनतं. मागणी आहे, म्हणून "सर, छोटा प्लांट टाकू का?" हा प्रश्न येतोच.

जुनी पद्धत ऐकायला सोपी आहे. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मँगनीज डायऑक्साइड वापरून ॲनिलिनचं ऑक्सिडेशन करायचं, की क्विनोन मिळतं. मग लोखंडाच्या चुऱ्याने त्याचं हायड्रोक्विनोन करायचं. आता समीकरण मांडून वजनं काढा. कणभरही वाया गेलं नाही असं धरलं, तरी १ किलो मालामागे सुमारे २.७५ किलो मँगनीज सल्फेट, ६०० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि साधारण ६५० ग्रॅम लोखंडाचा गाळ. म्हणजे विकायचा एक किलो आणि निस्तरायचे चार! तेही भरपूर पाण्यात मिसळलेले. त्या पाण्याचा खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरला नसेल, तर तो रिपोर्ट फाडून टाका.

दुसरी पद्धत फिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची. इथे पेरॉक्साइडचं शेवटी पाणी होतं, क्षारांचे ढीग नाहीत. पण हायड्रोक्विनोनबरोबर कॅटेकॉल निघतंच, आणि त्यालाही गिऱ्हाईक लागतं. मुंबईच्या कॅमलिन फाइन सायन्सेसने २०११ मध्ये इटलीत रावेन्नाचा असा कारखाना घेतला, पुढे गुजरातेत दहेजला स्वतःचा उभारला. कॅटेकॉलपासून त्यांनी व्हॅनिलिन बनवलं, म्हणजे दोन्ही माल घरातच खपले. हे आपल्या शेडमधलं काम नव्हे.

तिसऱ्या पद्धतीत डायआयसोप्रोपिलबेंझिनचं हवेनेच ऑक्सिडेशन करतात. सोबत जवळपास तेवढंच ॲसिटोन मिळतं, ते विकलंही जातं. पण मधल्या टप्प्यावर तयार होणारं हायड्रोपेरॉक्साइड तापलं तर स्फोट होऊ शकतो. तिकडे बघूही नका.

मग आपल्याला काय जमेल? माझं मत, माल घेऊन छोट्या रेझिनवाल्यांना लागेल तेवढा पुरवणं. मात्र बॅग उघडी राहिली की हवेने पावडर तपकिरी पडू लागते. कारखान्यात मुद्दाम घडवलेलं ऑक्सिडेशन गोदामात फुकट होतं! उतरवून घेताना प्रत्येक बॅगेचं सील तपासा.