चटका बसला, कळलाच नाही!

गेल्या दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेले होते. चकल्या तळताना उकळत्या तेलाचा थेंब हातावर उडाला आणि मी आपली मोबाईलवर मस्त गप्पा मारतेय! आईच ओरडली, "काऊन वं, चटका बसला तरी समजलं नाही?"

खरंच नव्हतं समजलं. कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. पुण्यातल्या ऑफिसच्या एसीने स्किन ड्राय झाली असेल, असं म्हणत मी दोन महिने त्यावर मॉइश्चरायझर चोपडत होते. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला, कोपरामागची नस चाचपली आणि शांतपणे म्हणाले, "कुष्ठरोग. सुरुवात आहे."

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हा आजार वर्षानुवर्षं आहे, हे माहीत होतं. पण मला? जीन्स-टीशर्टवालीला?

सगळा खेळ चरबीचा

फंडा सोपा आहे. नसेतला धागा म्हणजे वायर आणि मायलिन हे तिचं आवरण. त्याच्या कोरड्या वजनातला सुमारे ७० टक्के भाग चरबीच! हे आवरण श्वान पेशी गुंडाळतात. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्यांनाच चिकटतो, तोही स्वतःच्या आवरणातल्या पीजीएल-१ या चरबीयुक्त रेणूच्या मदतीने.

गंमत म्हणजे दुरुस्तीलाही चरबीच लागते. सफाई पेशी मोडक्या मायलिनचा कचरा गिळतात आणि त्यातलं कोलेस्टेरॉल नव्या धाग्याला मिळतं. धाग्याच्या टोकाशी चरबीचे सूक्ष्म फुगे येऊन जोडले जातात, तसा तो पुढे सरकतो. स्पीड? दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. कोपरापासून करंगळीपर्यंत वर्ष सहज जातं!

म्हणूनच उशीर महागात पडतो. नसेचं ताजं नुकसान उपचारांनी भरून येऊ शकतं, ६ महिन्यांहून जुनं बहुधा नाही.

माझा ६ महिन्यांचा कोर्स मे महिन्यात संपला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. ऑफिसात मात्र फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आज डबा कोणाचा खायचा?" तेव्हा कुठे रडले.

लक्षात ठेवा

* फिकट किंवा लालसर चट्टा बधिर वाटतोय? क्रीम नको, डॉक्टर गाठा.
* करंगळीला सतत मुंग्या येतात? माऊसला दोष देऊन थांबू नका.
* २००५ मध्ये देशाने निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, तरी आजही वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडतात. लाजू नका, तपासून घ्या!