आवाजाचा सोस आणि शेजाऱ्याचे कान

मफलर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे थंडीच्या दिवसांत गळ्याभोवती गुंडाळलेली लोकरी पट्टी उभी राहते. अमेरिकेत हाच शब्द मोटारीच्या पोटाखालच्या त्या लोखंडी डब्यासाठी रूढ आहे, ज्याला आपण इंग्रजांच्या मागोमाग सायलेन्सर म्हणतो. आवाजाच्या तोंडाला फडके बांधायचे, ही त्या नावामागील कल्पना. या विषयाच्या इतिहासात एक गमतीदार योग आहे. ज्या हायरम मॅक्सिमने मशीनगन शोधून रणांगण कर्कश केले, त्याच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळविले आणि पुढे इंजिनांचा आवाज दाबण्याच्या साधनांचाही धंदा केला. आज त्याच अमेरिकेत गावोगावी अशी दुकाने आहेत, ज्यांचे निम्मे काम मफलरने दाबलेला आवाज गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार पुन्हा मोकळा करून देण्याचे असते.

या दुकानांचे लाडके गिऱ्हाईक म्हणजे पिकअप ट्रकचा मालक. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हे वाहन आपल्याकडे भाजीपाला आणि सिमेंटच्या गोण्या वाहते. अमेरिकेत मात्र ते घरच्या मोटारीच्या पंक्तीला बसले आहे. फोर्ड कंपनीची एफ-मालिका १९७७ पासून चार दशकांहून अधिक काळ तेथील सर्वाधिक खपाचा पिकअप म्हणून मिरवत आली. अशा ट्रकच्या व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेचा धूर वेगळ्या नळीने बाहेर पडतो. पण कारखानदार खर्च, वजन आणि जागा वाचविण्यासाठी त्या दोन्ही नळ्या एकत्र जोडून एकाच मफलरमधून नेतो. मालकाला हे रुचत नाही. इंजिनाच्या दोन रांगा असताना धुराडे एकच का, असा त्याचा प्रश्न असतो, आणि तो सर्वस्वी अडाणीपणाचा नाही.

येथून निवडीला सुरुवात होते आणि गैरसमजांनाही. एक पक्ष सांगतो की नळी जितकी रुंद तितकी शक्ती अधिक. दुसरा सांगतो की इंजिनाला मागून थोडा दाब हवाच असतो. दोन्ही मते अर्धवट आहेत. दाब इंजिनाला कधीच उपकारक नसतो; उपकारक असतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग. एका सिलिंडरातून वेगाने निघालेला धुराचा लोट आपल्या मागे विरळ जागा सोडतो, आणि ती पुढच्या सिलिंडरातील धूर ओढून काढण्यास साहाय्य करते. नळी गरजेपेक्षा रुंद केली की वायू मंदावतो, थंड होतो आणि ही ओढ कमी पडते. साधे गणित करून पाहावे. अडीच इंच व्यासाच्या दोन नळ्यांचे एकत्रित क्षेत्रफळ साडेतीन इंच व्यासाच्या एका नळीइतके भरते. तीन-तीन इंचांच्या दोन नळ्या बसवाव्यात, तर ते सव्वाचार इंची नळीच्या बरोबरीचे होते. शर्यतीच्या गाडीला, जिचे इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांत गरगरत असते, एवढी वाट लागेलही. ट्रकचे काम निराळे. त्याला मागे जोडलेली नाव किंवा घोड्यांची गाडी घेऊन चढ चढायचा असतो, म्हणजे त्याला कमी फेऱ्यांत ताकद हवी असते, आणि अतिरुंद नळी नेमकी तीच हिरावून घेते. म्हणून जाणता कारागीर साधारण सव्वादोन ते अडीच इंचांपाशीच थांबतो.

दोन्ही नळ्या शेवटपर्यंत अगदी अलग ठेवणेही शहाणपणाचे नसते. व्ही-८ इंजिनात एकाच रांगेतील दोन सिलिंडर लागोपाठ पेट घेतात, त्यामुळे प्रत्येक नळीतले ठोके विषम पडतात. म्हणून इंग्रजी 'एच' किंवा 'एक्स' अक्षराच्या आकाराचा सांधा देऊन दोन्ही प्रवाहांची गाठ घालून देतात. 'एच'ने आवाज खोल आणि खर्जातला राहतो, 'एक्स'ने तो चढा आणि एकसंध होतो. नळी वाकविण्याची रीतही पाहावी लागते. साध्या दाबयंत्रावर वाकविलेली नळी वळणावर चेपते आणि रुंदीचे पैसे वाया जातात. आतून आधार देऊन वाकविलेली नळी सर्वत्र सारखी गोल राहते. धातूविषयी थोडक्यात एवढेच की, उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथे महागातले स्टेनलेस पोलाद परवडते. कोरड्या हवेत ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलादही पुष्कळ वर्षे टिकते. ट्रकच्या पोटाखाली जागेची तर मारामारीच असते. एका बाजूला पेट्रोलची टाकी, मागे मधोमध टांगलेले जादा चाक आणि खड्ड्यागणिक वरखाली होणारा आस. या सर्वांना चुकवून दुसरी नळी मागे न्यायची, तीही टाकीला झळ न लावता. पैसे वाचविण्यासाठी नळ्या केबिनखालीच तोडून दिल्या, तर विषारी वायू आत बसणाऱ्यांच्याच नाकात जाण्याचा धोका.

एवढा सारा खटाटोप करून पदरात काय पडते? आजच्या ट्रकमधील कारखान्याची व्यवस्था इतकी वाईट नसते, त्यामुळे मिळणारी वाढीव शक्ती थोडी असते. बहुधा चालकाला स्टिअरिंगमागे बसून ती जाणवतही नाही. जाणवतो तो आवाज. खरे पाहता निवड आवाजाचीच चाललेली असते, शक्तीचा उल्लेख घरच्यांना पटविण्यासाठी. आत पडदे असलेला मफलर गुरगुरतो, काचतंतू भरलेली सरळ नळी फटफटते. हमरस्त्यावर एकाच वेगाने तासन्‌तास जाताना केबिनमध्ये घुमणारा एकसुरी घरघराट मात्र दुकानात उभे राहून ऐकू येत नाही. महिन्याभरात तो डोके उठवितो आणि हौशी मालक आणखी पैसे देऊन तो घुमारा मारणारा वेगळा डबा बसवून घेतो.

सरकारने या हौसेला वेसण घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही; पण ती वेसण नेहमी वजनकाट्याशी अडली. १९७५ च्या मॉडेलांपासून धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकेतील बहुतेक मोटारींत आले. त्या नियमातून भारासह सहा हजार पौंडांवरील ट्रक वगळले होते. फोर्डने त्याच वर्षी ही रेषा जेमतेम ओलांडणारा एफ-१५० बाजारात आणला. डॉजने १९७८ साली तर कळसच केला. 'लिल रेड एक्स्प्रेस' नावाच्या त्यांच्या लालभडक पिकअपला ३६० घनइंची व्ही-८ इंजिन होते, कन्व्हर्टर नव्हता, आणि केबिनच्या मागे आकाशाकडे तोंड करून क्रोमची दोन चकचकीत धुराडी उभी होती. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या चाचणीत शून्यापासून ताशी शंभर मैलांचा वेग गाठण्यात या मालवाहू गाडीने त्या वेळच्या अमेरिकन मोटारींना मागे टाकले. कायद्याची फट केवढी रुंद असू शकते, याचा एवढा देखणा पुरावा क्वचितच सापडेल. १९७९ साली ती मर्यादा साडेआठ हजार पौंडांवर नेली गेली आणि लिल रेडच्या पोटातही कन्व्हर्टर आला.

धुराच्या बाबतीत ही फट पुष्कळशी बुजली. १९९० च्या दुरुस्तीनंतर कन्व्हर्टर काढून टाकणे हा दुकानदाराइतकाच खुद्द मालकाचाही गुन्हा ठरला. म्हणूनच आजची जोडनळी बहुधा कन्व्हर्टरच्या पुढच्या भागातच बदलली जाते. आवाजाच्या नशिबी तेवढे भाग्य नव्हते. १९७२ साली अमेरिकेने गोंगाट नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला, पण रेगन यांच्या कारकिर्दीच्या आरंभी त्या कामासाठी असलेल्या केंद्रीय कचेरीचा पैसाच बंद झाला. उरली राज्ये. कॅलिफोर्नियाने ९५ डेसिबलची मोजता येणारी मर्यादा घातली, ती सहा हजार पौंडांखालील वाहनांना. अंगापिंडाने भरलेला मोठा पिकअप बहुधा या रेषेच्या वर असतो. आवाज वाढविणारा फेरफार त्यालाही निषिद्धच आहे, पण तेथे मोजमाप संपते आणि पोलिसाच्या कानावर विसंबणे सुरू होते.

हे वाचून आपण हसण्याचे कारण नाही. बुलेट मोटारसायकलच्या सायलेन्सरचे पोट रिकामे करून मध्यरात्री गल्लीतून फटाके फोडीत जाणारे तरुण महाराष्ट्रातील प्रत्येक शहराला ठाऊक आहेत. आपल्याकडे सहा हजार पौंडांची फट नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. २०१९ च्या दुरुस्तीने आवाजाच्या मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तेवढाच काळ परवान्यास अपात्रता सांगितली. तरीही जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविण्याचा सोहळा अनेक शहरांतील पोलिसांना वेळोवेळी करावा लागतो. छायाचित्रे छापून येतात आणि ज्या दुकानातून ते सायलेन्सर गेले, तेथे दुसऱ्या दिवशी नवा माल लागलेला असतो. रोलर फिरायचाच असेल, तर तो प्रथम त्या गोदामावरून फिरावा. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायलेन्सरवर तपासलेल्या डेसिबलचा आकडा कोरलेला असणे आणि तो खोटा ठरल्यास विक्रेत्यास जबाबदार धरणे, हे काही अशक्य कोटीतले काम नव्हे. अमेरिकेतील मफलरवाल्यालाही हाच नियम लावता येईल.

हौशी माणसाचा आनंद हिरावून घ्यावा, असे मी म्हणणार नाही. त्याला सभ्य पर्यायही उपलब्ध झाला होता. फोर्डने आपल्या एफ-१५० च्या लहान इंजिनाचा आवाज केबिनमधील स्पीकरांतून भरदार करून ऐकविण्यास सुरुवात केल्याचे २०१५ साली उघड झाले, तेव्हा मोटारशौकिनांनी त्या कंपनीची ढोंगी म्हणून यथेच्छ टर उडविली. वस्तुतः ज्याला गुरगुर हवी त्याच्याच कानांत ती घालणारी याहून शेजारधर्मी युक्ती सुचणे कठीण. पण शौकिनाला आवाज स्वतःला ऐकू येऊन पुरत नाही, तो इतरांना ऐकू जावा लागतो, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. डॉजने २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चार्जर मोटारीचा नमुना लोकांपुढे ठेवला. तिच्यात ना पेट्रोल, ना धूर. तरीही तिच्या मागे 'एक्झॉस्ट' नावाची एक यंत्रणा बसविली होती, आणि तिचा आवाज १२६ डेसिबलपर्यंत चढतो, असे कंपनीने अभिमानाने जाहीर केले.