तळ्यात सोडलेलं कासव

दुकानातून घरी येतं तेव्हा त्याची पाठ जेमतेम तीन सेंटिमीटरची असते. हिरवीगार, पिवळ्या रेघारेघांची. डोळ्यांमागे दोन्हीकडे कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल पट्टा. पोटाचं कवच पिवळं, त्यावर काळसर ठिपके. मुलाच्या तळहातावर ते सहज मावतं. शिवाय घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, ही समजूत असतेच.

काही वर्षांत तेच कासव जेवणाच्या ताटलीएवढं होतं. मादी तर तीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. काचेची पेटी अपुरी पडते, पाणी सारखं गढूळ होतं, घरभर वास सुटतो. कासवाचं आयुष्य मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षं शिल्लक असतं. मग एखाद्या संध्याकाळी ते जवळच्या तळ्यात सोडलं जातं. मुक्या जिवाला मोकळं केलं, या समाधानात मंडळी घरी परततात.

हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. ओंडक्यावर ऊन खात बसायचं आणि चाहूल लागली की सुळकन पाण्यात घसरायचं, म्हणून नाव ‘स्लायडर’. आज अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात ते पोचलं आहे. जगातल्या सर्वांत घातक अशा १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

एवढा पल्ला ते स्वतः चालून गेलेलं नाही. कासवं हाताळणाऱ्या मुलांना साल्मोनेला जिवाणूंची बाधा होऊ लागली, म्हणून १९७५ साली अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यात मात्र चालूच राहिली. १९८९ ते १९९७ या काळात पाच कोटींहून अधिक स्लायडर परदेशी रवाना झाले. ‘निंजा टर्टल्स’ या कार्टूनची मुलांवर मोहिनी होती, तेच हे दिवस. युरोपीय संघाने १९९७ मध्ये आयात थांबवली. जपानने जून २०२३ पासून विक्री आणि निसर्गात सोडणं या दोन्हींवर बंदी आणली. पाळायला मात्र परवानगी ठेवली, कारण सरसकट बंदी घातली तर लोक धास्तावून कासवं पाण्यात सोडतील, ही भीती होती.

वरवर पाहता निरुपद्रवी वाटणाऱ्या या प्राण्यामुळे बिघडतं काय? कासव थंड रक्ताचं. अन्न पचवायला त्याला ऊन लागतं. तळ्यात उन्हाच्या जागा मोजक्याच. फ्रान्समधल्या संशोधकांनी स्लायडर आणि तिथलं स्थानिक कासव एकाच तळ्यात ठेवून पाहिलं, तेव्हा उन्हाच्या चांगल्या जागा पाहुण्याने बळकावल्या. स्थानिक कासवांचं वजन घटलं, मृत्यू वाढले. शिवाय स्लायडर पाणवनस्पती, गोगलगायी, किडे, मासे असं सगळंच खातं. पाळीव कासवाबरोबर रोगजंतूही तळ्यात उतरतात ते वेगळंच.

भारतात या गोष्टीला एक चमत्कारिक पदर आहे. तारका कासवासारखी आपली देशी कासवं घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी स्लायडर पाळण्याला तशी आडकाठी नव्हती, म्हणून बाजाराने ते ‘चालणारं कासव’ म्हणून पुढे केलं. गुवाहाटीत देवळाच्या तळ्यात ते सापडलं. केरळमध्ये पीची इथल्या वन संशोधन संस्थेने लोकांकडची स्लायडर कासवं जमा करून घ्यायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याकडेही ती घरोघरी पाळली जातात आणि तळ्यांत दिसू लागली आहेत. आपल्याकडची मऊ पाठीची आणि काळी कासवं त्याच पाण्यावर जगतात.

एकदा पसरलेलं कासव परत गोळा करणं किती कष्टाचं, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या बागेत दिसलं. तिथल्या पाण्यातून विद्यार्थ्यांच्या मदतीने जवळपास २०० स्लायडर पकडून काढावे लागले. त्यानंतर उरलेल्या स्थानिक कासवांची वजनं वाढली. पण हे एका बागेपुरतं. गावोगावच्या तळ्यांत एवढे हात कुठून येणार?

म्हणून घरात स्लायडर असेल तर त्याला मोठी टाकी द्यावी, बसायला उन्हातला दगड द्यावा आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सांभाळणं अशक्यच झालं तर वनविभागाला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारून त्याची सोय लावावी. तळं, नदी, विहीर किंवा देवळाचं कुंड यांपैकी कुठेही त्याला सोडू नये.