गेटवे बांधणारा विटेट

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना जॉर्ज विटेट हे नाव ठाऊक असेल? १८७८ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा माणूस १९०४ मध्ये मुंबईत आला. सुरुवातीला वास्तुरचनाकार जॉन बेग यांचा सहायक, पुढे मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुरचनाकार.

माझ्या मते त्याचं सर्वांत देखणं काम म्हणजे वस्तुसंग्रहालय, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. बाहेरून कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड. आत गेलात की मान वर करून बघा: घुमट पेलणाऱ्या कमानींची मांडणी विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलीय. आणि मधल्या दालनातल्या लाकडी कमानी? त्या नाशिकच्या एका वाड्यातल्या, विटेटने विकत घेऊन इथे बसवलेल्या! पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे संग्रहालय म्हणून ही इमारत खुली व्हायला १९२२ उजाडलं.

गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरले तेव्हा होती ती फक्त पुठ्ठ्याची कमान. खऱ्या कमानीला गुजराती धाटणीची जाळी आहे. तिच्याकडे येणारा सरळ रस्ता पैशांअभावी झालाच नाही, म्हणून आजही ती रस्त्याला तिरकी दिसते. (पुढच्या वेळी नक्की पाहा.)

विज्ञान संस्था, बॉम्बे हाऊस हीसुद्धा त्याचीच कामं. १९२६ मध्ये हगवणीच्या आजाराने तो मुंबईतच गेला. त्याची कबर शिवडीला आहे.