बुद्धिबळाचा खरा प्रचारक

बुद्धिबळाचा प्रसार सर्वांत अधिक कोणीं केला, असा प्रश्न निघाला कीं जगज्जेत्यांचीं नांवें पुढें येतात. रेक्याविक येथें १९७२ सालीं बॉबी फिशर बोरिस स्पास्कीशीं खेळला, तेव्हां घोड्याची चाल ठाऊक नसलेलेही वर्तमानपत्रांत त्या डावांची बातमी शोधूं लागले. तरी माझें मत हॉवर्ड स्टाँटन या इंग्रज खेळाडूला आहे.

त्याच्या काळीं मोहऱ्यांचे घाट नाना परींचे होते. परक्याच्या पटावर बसणाऱ्यास वजीर कोणता नि उंट कोणता, हेंच चटकन उमजत नसे. मग अनोळखी माणसांत खेळ रंगावा कसा? १८४९ सालीं नॅथॅनियल कुकच्या नांवें नोंदलेला, रुंद बैठकीचा व ओळखण्यास सोपा असा संच लंडनच्या जॅक्स यांनीं विक्रीस काढला. स्टाँटननें त्याला आपलें नांव दिलें आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधील आपल्या सदरांत त्याची वाखाणणीही केली. आपल्याच नांवाच्या वस्तूची स्तुति शिष्टसंमत नव्हे. पण उपयोग झाला खरा. १८५१ सालची लंडनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविण्यांतही तोच पुढें होता. तींत तो स्वतः मात्र अँडरसेनकडून हरला.

आपल्या घरीं पट असेल तर उंट हातीं घेऊन पाहावा. त्याच्या माथ्यावरील तिरकी खांच ख्रिस्ती धर्मगुरूच्या टोपीची आहे. आपण मात्र त्याला उंटच म्हणतों.