चर्चने बंदी घातली म्हणे!

उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही किनाऱ्यावरची जुनी ख्रिस्ती गावं असोत की मीरा रोडच्या सोसायट्या, आईबापांच्या मोबाइलवर एक निरोप अधूनमधून येतोच: अमुक सिनेमा ख्रिस्तविरोधी आहे, मुलांना दाखवू नका. त्यामागची काळजी खोटी नाही. पण जादू, नास्तिकपणा आणि धर्माची टवाळी या तीन निरनिराळ्या गोष्टींची त्यात खिचडी झालेली असते.

गैरसमज: हॅरी पॉटरवर चर्चची बंदी आहे.

कॅथलिक चर्चची निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ मध्येच मोडीत निघाली. पहिला पॉटर आला १९९७ मध्ये. पुरावा म्हणून कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट, यांचं २००३ चं पत्र पुढे केलं जातं. ते एका जर्मन लेखिकेला दिलेलं खासगी उत्तर होतं, आदेश नव्हे. रोमचे फादर गॅब्रिएल आमोर्थ यांचा पॉटरला कडाडून विरोध होता, तोही वैयक्तिक. उलट २००९ मध्ये सहाव्या चित्रपटाला शाबासकी दिली ती व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राने. आणि शेवटच्या पुस्तकात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर कोरलेलं वचन आहे ते बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं! निरोप पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजण तिथवर वाचत पोचले असतील, कोण जाणे.

गैरसमज: म्हणजे सगळीच ओरड बिनबुडाची.

तसंही नाही. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरचा ‘द गोल्डन कंपास’ २००७ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली. चित्रपटात चर्चवरची टीका बरीच पातळ केली होती. लीगचं म्हणणं असं, की हा सौम्य सिनेमा पाहून मुलं मूळ पुस्तकांकडे वळतील, आणि पुस्तकांत तर धर्मसत्ता उघडउघड खलनायक आहे. बहिष्कार मला पटत नाही, पण हा आक्षेप ऐकीव नव्हता, पुस्तकं काय सांगतात ते ठाऊक असलेल्यांचा होता. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी वेगळी वाट धरली. २००४ मध्ये ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी जाहीर चर्चेला बसले. शाळेच्या धर्मशिक्षणात ही पुस्तकं चर्चेला घ्यावीत, असंही त्यांनी सुचवलं.

गैरसमज: ‘यू’ प्रमाणपत्र आहे, मग धर्माविरुद्ध काही नसणार.

प्रमाणपत्र वयाचं असतं, श्रद्धेचं नव्हे. धार्मिक समूहांचा अवमान करणारी दृश्यं नकोत, असं सेन्सॉरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण एखादं पात्र देव मानत नाही, हा अवमान ठरत नाही. कायद्यातही धर्मभावना दुखावण्याच्या गुन्ह्याला जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेली कृती लागते.

गैरसमज: ओटीटीवर कोणाचंच नियंत्रण नाही.

२०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयोगट लिहावा लागतो आणि ‘यू/ए १३+’ व त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप द्यावं लागतं. तक्रारीवर त्या ओटीटीच्या तक्रार अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे स्वयंनियमन मंडळ आहे. मालिकेचं नाव, भाग, मिनिट आणि आक्षेपार्ह संवाद लिहून पाठवा. नुसतं ‘ख्रिस्तविरोधी आहे’ म्हटलं, तर तपासायचं काय?

यूट्यूबचं मात्र वेगळं. तिथे कोणीही टाकलेल्या व्हिडिओला ना सेन्सॉर, ना ओटीटीची ही वर्गवारी. आणि चिमुरडी मुलं जेवताना पाहतात ते बहुधा तेच.